बर्गनला जायचे सत्तेचाळीस धोके

आमच्या ट्रॉयच्या घरात बेसमेंटमध्ये एक गोल टेबल आहे. लेक शाळेत असताना तिच्या प्रोजेक्टांसाठी घेतलं होतं, अजून त्यावर गोंदाचे डाग आहेत. त्या टेबलाभोवती बसून चार रिटायर्ड इंजिनिअर मिशिगनहून नॉर्वेला कसं जायचं याचा विचार करत होते. हा विचार सात आठवडे चालला. उत्तर होतं, विमानाने. ते मला पहिल्याच दिवशी माहीत होतं, आणि माझी खात्री आहे की त्या चौघांनाही माहीत होतं.

आमची एकुलती एक लेक बर्गनला असते. नॉर्वेतलं समुद्राकाठचं शहर. पाऊस इतका, की फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारणं तिने सोडूनच दिलंय. नवरा तिथलाच, शांत मुलगा. दोन वाक्यांच्या मध्ये एवढा थांबतो की मला वाटतं फोन कट झाला. जूनच्या अखेरीला तिची ड्यू डेट होती. पहिलं बाळंतपण. मला निदान महिनाभर आधी तिथे पोहोचायचं होतं. त्या वर्षात मला एवढी एकच गोष्ट हवी होती.

तिचं म्हणणं होतं की तुम्ही यायलाच हवं असं काही नाही. जावयाला कित्येक महिन्यांची रजा, मिडवाइफ सगळं नीट बघते, तिथली व्यवस्था उत्तम. हे सगळं इंग्लिशमधून. जन्मच मिशिगनचा, मी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला तिने मराठीत उत्तर दिलेलं मला आठवत नाही. मला वाईट वाटलं. मग मी मेथीचे लाडू करायचे कुणासाठी? पण फोन ठेवता ठेवता ती हळूच म्हणाली, "बट यू आर कमिंग, राइट?" तेव्हाच मी ठरवलं, काही झालं तरी जायचं.

घोडं अडलं ते आमच्या ह्यांच्यापाशी.

आमचे हे चौतीस वर्षं एका गाड्यांच्या कंपनीत होते. गाडीत काय काय मोडू शकेल ते मोडायच्या आधी शोधून काढायचं, हे ह्यांचं काम. सहा वर्षांपूर्वी मुंबईहून परत येताना विमान हवेतल्या हवेत असं काही खाली आलं की ह्यांच्या हातातला चहा छताला लागला. छताला लागलेला चहा परत ह्यांच्याच डोक्यावर आला. त्या दिवसापासून हा माणूस विमानात चढलेला नाही. पण भीती वाटते असं एकदा तरी म्हणावं? नाव नाही. पुतण्याच्या लग्नाच्या वेळी गुडघा दुखत होता. पुढच्या वर्षी छपराचं काम निघालं. त्याच्या पुढच्या वर्षी बेसमेंटमधला पाणी उपसायचा पंप. त्याच्यावर म्हणे लक्ष ठेवायला घरात कुणीतरी हवं. मी त्या पंपाला माझी सवत म्हणायला लागले. लेकीचं लग्नसुद्धा आमच्याच बॅकयार्डमध्ये झालं. नॉर्वेची मंडळी विमानाने इकडे आली आणि हे दारात उभे राहून एकेकाला विचारत होते, फ्लाइट हलली का फार?

मीही काही कमी नाही. मला सगळं कळत होतं, पण ते ह्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. म्हटलं बघू या, हा माणूस किती दिवस रेटतो.

एप्रिलमध्ये मी तिकिटांचा विषय काढला. ह्यांनी मान हलवली आणि म्हणाले, आधी सगळे ऑप्शन्स बघू. त्या शनिवारी सकाळी दहाला कमिटी हजर.

कमिटीत ह्यांचे तीन मित्र. तिघंही आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळातले, तिघंही गाड्यांच्याच धंद्यातून रिटायर झालेले, आणि तिघांनीही जन्मभर गाडीचा एकेकच भाग केलेला. एकाने ब्रेक, एकाने सीट, एकाने वायरिंग. माझ्या तोंडी त्यांची नावं तीच आहेत: ब्रेकवाले भाऊजी, सीटवाले भाऊजी, वायरिंगवाले भाऊजी. अख्खी गाडी त्यांतल्या एकालाही कळत नाही.

ह्या लोकांचा एक तक्ता असतो. गाडीचा कुठलाही भाग बनवायच्या आधी तो कसकसा बिघडेल त्याची यादी करायची. प्रत्येक बिघाडाला एक ते दहामधले तीन आकडे द्यायचे. झालं तर किती वाईट, किती वेळा होईल, आणि आधी लक्षात येणं किती अवघड. तिन्हींचा गुणाकार केला की कॉम्प्युटरवर समोरचा खोका आपोआप रंगतो. आकडा मोठा तर लाल. लहान तर हिरवा, आणि हिरव्याच्या शेजारी आपोआप उमटतं, 'काही करण्याची गरज नाही'. शेवटचा रकाना कारणाचा. त्या रकान्याचा एक नियम चौघांनीही मला वेगवेगळा समजावून सांगितला: तिथे माणूस कधी लिहायचा नाही. चूक माणसाची नसते, पद्धतीची असते. हे सांगताना चौघंही देवळात उभं राहिल्यासारखे हळू आवाजात बोलायचे.

पहिल्या शनिवारी विमान घेतलं. दुपारपर्यंत विमानाचे एकोणीस धोके निघाले. 'मेथीचे लाडू कस्टम्समध्ये अडकणे' हा लाल झाला. मग ह्यांनी घसा खाकरून 'विमान पडणे' टाइप केलं. वाईट किती, तर दहा. होतं किती वेळा, तर क्वचितच, एक. आणि पडताना लक्षात येईल का? सीटवाले भाऊजी म्हणाले, येणारच की. म्हणजे तिसराही एक. गुणाकार दहा, खोका हिरवागार, काही करण्याची गरज नाही.

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तीन वेळा गुणाकार करून बघितला. ब्रेकवाल्या भाऊजींना दया आली, म्हणाले, राहू दे, हाताने लाल करून टाक. त्यावर हे असे उखडले की विचारू नका. फॉर्म्युल्याला हात लावायचा नाही, मी नोकरीत असताना कधी लावला नाही, असं म्हणून लॅपटॉपच बंद केला. माझ्या नवऱ्याबद्दल एक सांगते, भित्रा असेल पण लबाड नाही.

दुसऱ्या शनिवारी जहाज. न्यूयॉर्कहून इंग्लंडपर्यंत आठवडाभर जहाज, तिथून डेन्मार्कपर्यंत चार गाड्या बदलायच्या, मग फेरीबोट, मग परत गाडी. मी म्हटलं, तोपर्यंत नातवंड शाळेत जायला लागेल. ब्रेकवाल्या भाऊजींनी फक्त एकच विचारलं, एवढ्या मोठ्या जहाजाला थांबायला अंतर किती लागतं. फोनवर शोधलं, वाचलं, आणि माझ्याकडे पाणी मागितलं. वायरिंगवाल्यांना खाऱ्या हवेने तारा गंजतात याची काळजी. सीटवाले तेवढे खूश, कारण जहाजात आडवं पडता येतं.

तिसऱ्या शनिवारी त्यांना समजलं की समुद्रातली मालवाहू जहाजं आपल्या डेट्रॉईट नदीतूनच जातात. मग काय, चौघं घडीच्या खुर्च्या आणि दुर्बीण घेऊन नदीकाठच्या पार्कमध्ये जाऊन बसले. मी डब्यात धपाटे दिले होते. एका जहाजावरच्या माणसाला सीटवाल्यांनी हात केला, त्यानेही केला. संध्याकाळी तक्त्यात नोंद झाली: 'संपर्क झाला.' पुढे कळलं की अशा जहाजावर प्रवासी घेतले तरी वयाची अट असते, डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. मी जन्मभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम केलेलं. ह्यांची शुगर काय, कोलेस्टेरॉल काय, मला तोंडपाठ. मी आकडे सांगितले आणि तो विषय मिटला.

चौथ्या शनिवारी लेकीचा जुना पृथ्वीगोल टेबलावर आला. माझ्या शिवणाच्या टेपने मिशिगन ते नॉर्वे मापलं. सीटवाले भाऊजी म्हणाले, वरच्या बाजूने गेलं तर फारसं लांब नाहीच. आपली गाडी काढायची, कॅनडा, मग ग्रीनलंड, मग आइसलंड. मी विचारलं, आणि मधला समुद्र? त्यांनी गोलावर बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, वहिनी, निळं थोडंच आहे. ह्या माणसाने केलेल्या सीटवर हजारो लोक बसून ऑफिसला जातात.

हसतेय मी आता. तेव्हा माझा जीव टांगणीला लागलेला. मे उजाडला तसं मी एका शनिवारी पोह्यांच्या बशा आदळल्या आणि म्हटलं, तुमच्या यादीत एक धोका नाहीये, तो लिहा. 'आई वेळेवर पोहोचत नाही.' मग हे म्हणाले, चांगला मुद्दा आहे, पण आज विषय वेगळा आहे, तो पार्क करू या. त्यांच्या ऑफिसात नंतर बघायच्या मुद्द्यांना पार्क करतात. वायरिंगवाल्यांनी माझा मुद्दा पिवळ्या चिकटचिठ्ठीवर लिहिला आणि जवळ दुसरी जागा नव्हती म्हणून पंपावर चिकटवला. माझ्या सवतीच्या कपाळावर.

मेच्या शेवटी ट्रायल झाली. जहाज सोसवतं का हे बघायला हवंच ना. आमच्या मिशिगन सरोवराच्या ह्या काठाहून त्या काठाला जाणारी फेरी आहे, चार तासांची. चौघं इंजिनिअर आणि मी. ह्यांनी खिशात छोटी वही ठेवलेली, दर पंधरा मिनिटांनी कसं वाटतंय ते लिहायला. पहिल्या नोंदीत होतं, 'उत्तम'. दुसऱ्या नोंदीत, 'ठीक'. तिसऱ्या नोंदीत नुसती एक रेघ आहे, ती पानाबाहेर गेलीय. तळ्याला समुद्रासारख्या लाटा येत होत्या असंही नाही हो. शेजारी एक बाई स्वेटर विणत होत्या. हे पलीकडच्या काठाला उतरले ते चेहरा कोथिंबिरीसारखा करून, आणि म्हणाले, परत बोटीने नको. मग आम्ही शिकागोला वळसा घालून भाड्याच्या गाडीने घरी आलो, दिवस मोडून. वाटेत मी विचारलं, आता तरी विमान? हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, एका ट्रायलवरून निष्कर्ष काढता येत नाही.

त्या शुक्रवारी दुपारी मी एकटीच कॉम्प्युटरपुढे बसले. डेट्रॉईट ते बर्गन, एक प्रवासी. सीटसुद्धा निवडली. बावीस वर्षांची असताना मी एकटी मुंबईहून ह्या देशात आले होते, मांडीवर प्रेशर कुकर घेऊन. इंग्लिश बेताचं, विमान पहिलंच, आणि उतरल्यावर घ्यायला येणारा माणूस जेमतेम दोन आठवड्यांच्या ओळखीचा. तेव्हा घाबरले नाही. आता तर फक्त एक बटण दाबायचं होतं. पण मनात आलं, मी एकटी गेले की हा माणूस सुटला. गुडघा, छप्पर, पंप, सगळं खरं ठरणार. नाही, ह्यांनी कबूल केल्याशिवाय मी नाही जाणार. ड्यू डेटला अजून तीन आठवडे होते. मी लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. कमिटी खाली, धोका क्रमांक सत्तेचाळीस: 'फेरीत उलटी होणे'. वाईट किती यावर वाद चालला होता. हे म्हणत नऊ, बाकीचे म्हणत चार. मीही खालीच होते, भांडत. माझा फोन वर ओट्यावर. ह्यांचा फोन टेबलावर थरथरला. जावयाचं नाव दिसलं, आणि ह्यांनी तिथल्या तिथे एक बटण दाबलं. ऑफिसची सवय. ते बटण दाबलं की समोरच्याला आपोआप मेसेज जातो, मी मीटिंगमध्ये आहे, नंतर फोन करतो. दहा मिनिटांनी परत थरथरला. परत बटण.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी तो हिसकावून घेतला. जावई म्हणाला की पाणी गेलंय, ते हॉस्पिटलमध्ये आहेत. मग थांबला. मग म्हणाला, लवकर आहे, पण सगळं ठीक आहे.

मी काय बोलले ते आठवत नाही. एवढं आठवतं की हे उठले, वर गेले, आणि पासपोर्ट घेऊन खाली आले. पायात एक काळा बूट आणि एक तपकिरी. ब्रेकवाल्या भाऊजींनी फोनवर संध्याकाळच्या विमानाची दोन तिकिटं काढली, वायरिंगवाल्यांनी बॅगा उचलल्या, सीटवाल्यांनी एअरपोर्टला सोडलं. सात आठवड्यांचं काम चाळीस मिनिटांत झालं. पंपाकडे बघायला कुणी थांबलं नाही.

विमान जराही हललं नाही. अख्ख्या अटलांटिकवर एक धक्का नाही, समोरच्या कपातलं पाणीसुद्धा डुचमळलं नाही. हे माझं मनगट आवळून बसले होते. दोन तासांनी म्हणाले, "मला भीती वाटते गं. सहा वर्षं वाटतेय."

हेच ऐकायला मी सहा वर्षं दबा धरून बसले होते. वाटलं होतं, ऐकलं की जिंकल्यासारखं वाटेल. काही नाही वाटलं. मी म्हटलं, माहीत आहे मला.

विमान बदलायला ॲमस्टरडॅमला उतरून फोन चालू केला तर फोटो आलेला. मुलगी. चार तासांपूर्वी झाली होती. हे तिथेच सामानाच्या गाडीवर टेकून रडले आणि मला एक टिपूस आलं नाही, इतका राग आला होता. कुणाचा, ते तेव्हा कळत नव्हतं.

बर्गनला पाऊस होताच. लाडवांकडे कस्टम्समध्ये कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. हॉस्पिटलच्या दारात जावई भेटला, त्याने मला मिठी मारली आणि त्याच्या त्या संथ इंग्लिशमध्ये सांगितलं की ती सारखी तुम्हाला विचारत होती. मग थांबला. मग म्हणाला की मी तिला सांगितलं, ते मीटिंगमध्ये आहेत. टोमणा नव्हता तो. त्या पोराला टोमणा मारता येतच नाही. त्याला फोनवर जे दिसलं ते त्याने कळा देणाऱ्या बायकोला वाचून दाखवलं, दोनदा.

आत लेक उशीला टेकून बसली होती, छातीशी बाळ. मी कपाळावरून हात फिरवला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, किती उशीर केलास."

मराठीत म्हणाली. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

दोन महिने राहिलो. नात गोड आहे, नाक आमच्या ह्यांचं आलंय, त्याला इलाज नाही. लेकीने तो विषय पुन्हा काढला नाही आणि लाडू सगळे खाल्ले. परत येताना हे विमानात माझ्या आधी चढले. विमान हललं. हे घामाघूम झाले, पण बसून राहिले.

घरी आल्यावर आठवड्याने मी नातीचे फोटो शोधायला बेसमेंटमधला लॅपटॉप उघडला. तो तक्ता उघडाच होता. सत्तेचाळीस ओळींखाली एक नवी ओळ दिसली. धोका: आई वेळेवर पोहोचली नाही. वाईट किती: दहा. पुढचे दोन आकडे रिकामे. आणि शेवटी, कारणाच्या रकान्यात, ज्या रकान्यात ह्यांनी चौतीस वर्षं कुणाचं नाव येऊ दिलं नाही, तिथे लिहिलं होतं, 'मी'.

मी खुर्ची ओढली. किती वेळा होईल? पहिलं नातवंड एकदाच होतं, म्हणून एक टाकला. आधी लक्षात येणं किती अवघड होतं? काहीच नाही. मला सहा वर्षं माहीत होतं. त्या शुक्रवारी बटणावर बोट होतं माझं. तिथेही एक टाकला, आणि कारणाच्या रकान्यात ह्यांच्या शब्दापुढे लिहिलं, 'आणि ही'.

खोका हिरवा झाला. शेजारी उमटलं, काही करण्याची गरज नाही.

मी ह्यांना हाक मारली. ते जिना उतरून आले, चष्मा लावला, ओळ वाचली. कारणाचा रकाना दोनदा वाचला. गुणाकार तपासला, तो बरोबर होता. मग माझ्या खांद्यावरून हात पुढे केला आणि तो खोका हाताने लाल करून टाकला.